विहीर, झाड आणि देव

आम्ही नाहूरला राहायला आलो त्या दिवशी सामानाचा टेम्पो अजून खालीच उभा होता आणि सासूबाई नव्या घरात दूध उतू घालायच्या गडबडीत होत्या. तेवढ्यात दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ छत्री टेकून उभे राहिले. भर मार्च महिना, आभाळात ढगाचं नाव नाही, तरी छत्री. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच मान लांब करून स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणाले, "ओटा बांधावर आलाय तुमचा. हे चांगलं झालं. बाहेरची खोली मात्र चिखलात आहे."

सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "चिखल? अहो, आत्ताच तर लादी पुसून घेतली!"

"आत्ता नाही हो आई, पूर्वी. इथे भाताची खाचरं होती. पलीकडे मिठागरं, खाडीचं पाणी भरतीला पार रस्त्यापर्यंत. आधी शेत, मग बिल्डिंग. मी पेडणेकर, समोरच राहतो. साखरबिखर लागली तर हाक मारा."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. आमचा ओटा त्या बांधाच्या चांगला वीसेक फूट वर तरंगत होता. पण सासूबाईंच्या मनात ते जे बसलं ते बसलं. पुढे वर्षभर बाहेरच्या खोलीत कुणी शिंकलं तरी त्या म्हणायच्या, "चिखलातली खोली. ओल असणारच."

भाऊ पेडणेकरांची आणि आमची ओळख झाली ती अशी. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. आमच्या बाजूला तेव्हा स्टेशनसुद्धा नव्हतं. मुलुंडला नाही तर भांडुपला उतरायचं आणि पाय ओढत यायचं. बिल्डिंगा मात्र पटापट उठत होत्या, आणि त्यांत आमच्यासारखे गिरगाव-परळच्या खोल्या सोडून आलेले लोक येऊन पडत होते. आम्हाला वाटायचं, आपण ओसाड माळावर आलो. भाऊंना आमच्या या समजाचा भयंकर राग यायचा. "ओसाड? साष्टीतली जुनी गावं आहेत ही! तुम्ही यायच्या आधी इथे लोकांची लग्नं होत होती, भांडणं होत होती, देवीचे नवस फिटत होते. तुम्हाला रिकामं दिसतं, कारण तुम्ही कालच आलात."

ते स्वतः मालवणकडचे. वडील परळच्या गिरणीत होते. भाऊ शिकले, टेलिफोन खात्यात लागले आणि घाटकोपरच्या कचेरीत बसायला लागले. त्या काळी टेलिफोन खात्यातला माणूस म्हणजे देवमाणूस. फोनसाठी अर्ज केला की मुलगी पाळण्यात असायची आणि फोन लागेपर्यंत ती कॉलेजात जायची. त्यामुळे भाऊंच्या टेबलापाशी कायम कुणीतरी लाचार चेहरा करून उभं असे. भाऊंच्या हातात खरं तर काहीच नव्हतं, पण तसं ते सांगत नसत. ते अर्जावरचा पत्ता वाचत आणि त्यांचे डोळे चमकत. एकदा वाकोल्याचे एक गृहस्थ मुलीचं लग्न तोंडावर आलंय म्हणून हातापाया पडत होते. भाऊंनी त्यांना विचारलं, "वाकोल्यात गावठाणात राहता की बाहेर?" मग ते जुनं गाव, तिथला ओढा, शेतं, पाड्याची गल्ली असं तासभर चाललं. त्या गृहस्थांना फोन मिळाला नाही, पण ते लग्नाची पत्रिका घेऊन भाऊंच्या घरी आले. पत्रिकेवर 'सांताक्रूझ ईस्ट' छापलेलं बघून भाऊ हळहळले. ईस्ट आणि वेस्ट हे शब्द त्यांनी जन्मात उच्चारले नाहीत. "रूळ टाकले म्हणून ईस्ट-वेस्ट झालं. गाव एकच होतं. आधी गाव, मग स्टेशन."

जुनं गाव शोधायची त्यांची एक पद्धत होती. ते म्हणत, "विहीर, झाड आणि देव. तिन्हींपैकी एक सापडलं की गाव सापडलं. बाकीची दोन मग आपोआप सापडतात." रविवारी सकाळी जेवण उरकून ते छत्री घेऊन निघत, कधी अंधेरी, कधी बोरिवली, कधी गोवंडी. सोबत कुणी आलं तर खूश, नाही आलं तरी खूश. छत्री कशाला ते मला तेव्हा कळलं. तिचं लोखंडी टोक ते जमिनीवर आपटत चालायचे. बुजवलेल्या विहिरीवरून चाललं की आवाज पोकळ येतो, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला सगळीकडे सारखाच टकटक आवाज यायचा. ते मात्र थबकत आणि म्हणत, "ऐका! इथे पाणी होतं."

एकदा आम्ही नवरा-बायको त्यांच्याबरोबर अंधेरीला गेलो. कारखान्यांच्या वसाहतीत एका फाटकाशी त्यांनी मोठं चिंचेचं झाड हेरलं आणि वॉचमनला म्हणाले, "आत देव असणार."

"आत कंपनी आहे," वॉचमन म्हणाला. "निघा इथून."

भाऊ हटले नाहीत. आमची चांगलीच खरडपट्टी निघाली. माझा नवरा लाजेने रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला. शेवटी आतून एक फोरमन आला आणि कटकट मिटावी म्हणून आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे बॉयलरच्या भिंतीला खेटून, तेलाच्या पिंपांमधे, शेंदूर फासलेला दगड होता. समोर ताजी फुलं. "मालकाने हलवायला सांगितलं होतं," फोरमन म्हणाला, "पण कुणी हात लावायला तयार होईना. राहिला."

भाऊंचा चेहरा त्या दिवशी लहान मुलासारखा फुलला होता. परत येताना बसमध्ये ते सारखे म्हणत होते, "बघितलंत ना वैनी? कारखाना हलेल एक दिवस. देव हलत नाही." वास्तविक भाऊ फारसे देवभोळे नव्हते. घरात गणपतीचा एक फोटो, त्याला त्यांची बायको, आमच्या पेडणेकर वहिनी, हार घालत. पण जागेवर त्यांची श्रद्धा होती. देव जागा सोडत नाही, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं होतं. पुढे जे झालं ते त्या भरवशामुळे झालं.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून तिवरपाडा होता. कौलारू घरं, कोंबड्या, चिंचेचं झाड, त्याखाली गावदेवीचा दगड आणि बाजूला दगडी काठाची विहीर. भाऊंच्या भाषेत तिन्ही खुणा एका अंगणात. त्यांनी इथे फ्लॅट घेतला तो म्हणे मागच्या खिडकीतून हे तिन्ही दिसतं म्हणून. पाड्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणजे गोमाबाय. आमच्या दारावर ती माठ आणि मुळा विकायला यायची. देवीची दिवाबत्ती तीच करायची. चैत्रात एक दिवस पाड्याची राखण असे. शिवेवर, म्हणजे देवीच्या दगडापाशी, गोमाबाय नारळ फोडायची आणि देवीला अगदी सुनेला सांगावं तसं सांगायची, "पोरांना सांबाळ. पाणी आटू देव नको. ध्यान ठेव." भाऊ त्या दिवशी रजा टाकत.

मग एक बिल्डर आला. म्हणजे तो स्वतः कधी दिसलाच नाही, त्याचा पांढऱ्या सफारीतला माणूस यायचा. पाड्याच्या जागी मोठा टॉवर, पाड्यातल्या प्रत्येकाला तिथेच फ्लॅट, आणि देवीला फाटकाशी संगमरवरी देऊळ. पाड्यात दोन तट पडले. म्हातारे म्हणत, आई उठली की पाडा उठला. तरुणांना फ्लॅट हवे होते. गोमाबायचा पुतण्या रमेश त्यांच्यात पुढे. भाऊ त्याला समजवायला गेले तेव्हा मी आमच्या मागच्या गॅलरीत होते. तो काय म्हणाला ते सगळं ऐकू आलं.

"भाऊ, तुम्ही फ्लॅटमध्ये राहून आम्हाला इतिहास शिकवता ना! पावसात आमच्या घरात गुडघाभर पाणी असतं, माहितीय ना? तुमची बिल्डिंग झाली तेव्हापासून. आम्ही काय तुमच्या खिडकीतून दिसायला राहायचं का?"

भाऊ तसेच परत फिरले. पोरगा खरं बोलत होता. मलाही गॅलरीत उभं राहायची लाज वाटली आणि मी आत गेले.

तरी म्हाताऱ्यांनी सह्या दिल्या नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय काम अडलं होतं. गोमाबाय रोज त्या सफारीवाल्याला एकच उत्तर द्यायची, "नाय." दुसरा शब्द नाही. ते एवढंच चालू राहिलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. पण पाड्यात रोज भांडणं, भावाभावांचं बोलणं बंद. ते भाऊंना बघवेना. म्हणून एका संध्याकाळी त्यांनी पाड्यातल्यांना सुचवलं, "आपण भांडायचं कशाला? देवीलाच विचारू, उठायचं की नाही ते. कौल लावू."

कौल म्हणजे देवाला विचारणं. भाऊंच्या गावाकडची ती रीत. भिजवलेल्या कळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नाही. भाऊंच्या गावात एकदा देऊळ रस्त्याच्या कडेला हलवायचं ठरलं होतं, पण देवाने कौल दिला नाही, रस्ताच वळवावा लागला. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कितीदा सांगितली असेल! त्यांच्या मते निकाल ठरलेलाच होता. एकदा देवी नाही म्हणाली की रमेश गप्प बसेल, सफारीवाला परत जाईल.

तिवरपाड्यात ही रीत नव्हती. गोमाबाय म्हणाली, "आमी आयेला कदी इचारलं नाय. आमी सांगतो, ती आयकते."

"एकदाच विचारू, गोमाबाय. सगळ्यांची तोंडं बंद होतील."

तिने देवीच्या दगडावरची वाळकी पानं झाडली. मग म्हणाली, "तू शिकलेला. तू म्हनतो तर कर."

घरी वहिनी त्यांच्या मालवणीत तडकल्या. दार उघडं होतं, मला ऐकू आलं. "दुसऱ्याच्या देवीक आपले कळे कित्याक लावतास? तिका आपली भाषा तरी कळता काय?" भाऊ नुसते हसले. सबंध उपनगरात फिरून लोकांना 'आधी गाव, मग तुम्ही' असं सांगणारा हा माणूस, आणि आपण बाहेरून आपली रीत आणून या गावावर ठेवतोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आमच्याही आलं नाही. ते कळलं एकट्या वहिनींना.

रविवारी सकाळी चिंचेखाली सगळा पाडा जमला. सोसायटीतलेही बरेच जण भिंतीच्या तुटक्या भागातून आले होते. सफारीवाला खुर्ची मागवून बसला. भाऊंनी धोतर नेसलं होतं. त्या दिवशी छत्री नव्हती, हातात तांब्याचं ताम्हण. देवीसमोर उभं राहून त्यांनी सगळ्यांना नियम सांगितला. "कौल एकदाच. पुन्हा विचारायचं नाही. आम्हीही नाही आणि तुम्हीही नाही." शेवटचे शब्द त्यांनी सफारीवाल्याकडे बघून म्हटले. पैशाच्या जोरावर तो दहा वेळा कौल लावायला सांगेल, अशी त्यांना धास्ती होती. सफारीवाल्याने मान डोलावली.

भाऊंनी दगडावर एक कळी उजवीकडे, एक डावीकडे चिकटवली. मग हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवी म्हाराजा!" त्यांच्या गावात यावर अख्खा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. इथे कुणी काहीच म्हटलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. सगळे नुसते बघत राहिले. मग मागून एकट्या वहिनींचा बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." प्रत्येक ओळीला तेवढा एकच आवाज.

गाऱ्हाणं संपलं. कळ्या जागच्या जागी होत्या. बराच वेळ गेला. आणि पलीकडच्या रस्त्यावरून खडीने भरलेला एक डंपर गेला. नेहमीच जायचे. जमीन हादरली, विहिरीवरची बादली किणकिणली, आणि उजवी कळी खाली पडली.

भाऊ वाकून त्या कळीकडे बघत राहिले. डावी जागची हलली नव्हती.

माझा नवरा म्हणाला, "अहो, डंपरमुळे पडली ती! परत लावा." सोसायटीतल्या दोघातिघांनी माना हलवल्या. रमेश पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, उलट तो घाबरल्यासारखा वाटला. "भाऊ, तुम्हीच बोललात ना, एकदाच?"

भाऊंनी गोमाबायकडे बघितलं. ती एवढंच म्हणाली, "आता आयेनी सांगलं. आता काय बोलाचं?" पदर सावरून ती घरात गेली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांनी सह्या केल्या.

त्या संध्याकाळी भाऊ आमच्याकडे येऊन बसले. चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाही. मग एकदम म्हणाले, "खोटा कौल लावता येतो, वैनी. उजवी कळी अंगठ्याने जरा जास्त दाबायची. आमच्याकडे लावतात लोक. मला येतं ते."

"मग दाबली का नाहीत?"

"गरजच वाटली नाही," ते म्हणाले, आणि रडायला लागले. एवढा मोठा माणूस समोर बसून रडतोय आणि आपण काही करू शकत नाही, यासारखं वाईट काही नाही. मी उगाच चहा गरम करून आणला. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मागून त्यांनी खटपट केली नाही असं नाही. ते सफारीवाल्याच्या ऑफिसात गेले, डंपरचं सांगितलं, कौल धरू नका म्हणून विनवलं. त्याने मसाल्याचा चहा पाजला आणि म्हणाला, "भाऊ, देवीचं काम तुमच्याच हातून झालं. देवळाच्या पाटीवर तुमचं नाव टाकतो." भाऊंनी नको म्हणून हात जोडले. टाकलंच. संगमरवरावर काळ्या अक्षरांत, 'प्रेरणा' असं लिहून खाली भाऊंचं पूर्ण नाव. माझा नवरा हळूच म्हणाला, हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी त्याला गप्प केलं.

पाडा उठला. टॉवर होईपर्यंत तात्पुरतं म्हणून सगळ्यांना गोवंडीच्या बाजूला खोल्या दिल्या. ते तात्पुरतं कधी संपलंच नाही. फ्लॅट दुसऱ्याच लोकांना विकले गेले. रमेश खेटे घालून घालून थकला, त्याच्याही नाकी नऊ आले. चिंच तोडली, विहीर बुजवली, वर भराव टाकून जमीन पार आमच्या भिंतीच्या उंचीला आणली आणि फरशी बसवली.

भाऊ बदलले. आरडाओरडा नाही, आजारपण नाही, फक्त ते बोलायचे थांबले. टॉवरच्या फाटकावरून जावं लागू नये म्हणून लांबच्या रस्त्याने जात. रविवारी घरीच असत. आमच्या मजल्यावर एक नवीन कुटुंब आलं तेव्हा मला वाटलं, आता जातील आणि ओटा कुठे आलाय ते सांगतील. ते गेले, आणि म्हणाले, "पाणी सकाळी येतं. साखर लागली तर सांगा." नवीन बाई मला म्हणाली, "समोरचे आजोबा किती शांत आहेत ना?" तिला काय सांगणार, कपाळ!

आम्हाला बोरिवलीला जागा मिळाली. निघायचं ते नेमकं चैत्रात. पुस्तकं खोक्यात भरताना मी मागच्या गॅलरीतून सहज खाली बघितलं, तर टॉवरच्या आवारात, उभ्या केलेल्या स्कूटरींमधे गोमाबाय! पार वाकली होती. काखेत नारळ. राखणीचा दिवस होता, हे मी विसरले होते. ती मात्र बस बदलत गोवंडीहून आली होती. आणि तिच्याबरोबर छत्री घेऊन भाऊ.

मी खाली धावले. टॉवरचा वॉचमन त्यांना देवळाकडे वळवत होता. "मंदिर तिकडे आहे मावशी, तिकडे फोडा नारळ."

"देऊल नको मला. जागा पायजेल," गोमाबाय म्हणाली. मग भाऊंकडे वळली. "दाखव रे भाऊ. मला उमगंना. सगला सारकाच दिसतंय."

भाऊ निघाले. चार पावलं आमच्या भिंतीच्या दिशेने, तिथून उजवीकडे. थांबले. मागे वळून आमच्या बिल्डिंगकडे, स्वतःच्या खिडकीकडे बघितलं. पुन्हा निघाले. छत्रीचं टोक फरशीवर आपटत, कान देत. चिंच नव्हती, विहीर नव्हती, देवी फाटकाशी नेऊन बसवलेली. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला. अंधेरीच्या कारखान्यात बॉयलरमागे लपलेला देव फाटकाबाहेरून ओळखणारा हा माणूस स्वतःच्या खिडकीखाली हरवला होता. मला जाऊन त्यांचा हात धरावासा वाटला. पण धरून त्यांना नेणार कुठे? मलाही आठवत नव्हतं.

गोमाबाय उन्हात वाट बघत उभी होती. भाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग एका निळ्या स्कूटरच्या पुढ्यात उभे राहून त्यांनी छत्री टेकवली आणि म्हणाले, "हीच जागा."

आवाजावरून मला कळलं. गोमाबायलाही कळलं असणार, ती त्यांच्या तोंडाकडे तेवढा वेळ बघत होती. पण ती म्हणाली, "व्हय रे. हीच." खाली बसली, फरशीवर नारळ फोडला, पाणी वाहू दिलं, आणि देवीला म्हणाली, "पोरं लांब गेलीत. ध्यान ठेव." मग उठून खोबऱ्याचा तुकडा तिने भाऊंच्या हातात ठेवला, दुसरा माझ्या.

वॉचमनने तिला रिक्षापर्यंत पोचवलं. मला वरून नवऱ्याच्या हाका येत होत्या, टेम्पो आला होता. मी जिन्याशी जाऊन मागे वळून बघितलं. भाऊ तिथेच होते. एका हातात खोबरं तसंच, ते स्कूटरींच्या मधून वाकून चालत होते, दुसऱ्या हाताने छत्रीचं टोक फरशीवर आपटत आणि दर टकटकीला थांबून ऐकत.